पूजेला बसलेली चाकं

रामहरीला वयाच्या चौतिसाव्या वर्षी चाकांचं वेड लागलं. वेड लागायला हे काही वय नव्हे, असं सगळ्या गल्लीचं मत पडलं, आणि गल्लीचं मत काही विचारावं लागत नाही, ते आपोआप दारात येतं. त्या वयात माणसानं भजनात टाळ धरावा, फार तर पान खाऊन कट्ट्यावर बसावं. रामहरी कापडगिरणीत फिटर होता. अबोल, सरळमार्गी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. लग्नाला बरीच वर्षं होऊनही घरात पाळणा हलला नव्हता, आणि त्याबद्दलही तो कधी काही बोलला नव्हता. त्याची बायको मनकर्णा बोलायची, पण ती देवाशी.

बहात्तरच्या दुष्काळात विहिरी आटल्या, तशी वीजही आटली. गिरणी निम्मे दिवस चालू लागली. रिकाम्या हातांची माणसं काही गावाकडं गेली, काही सरकारी कामावर खडी फोडायला लागली, उरलेल्यांनी पत्ते पिसले. फिटरांना यंत्रांच्या देखभालीसाठी ठेवून घेतलं होतं, म्हणून रामहरीची चूल पेटत होती. अशाच एका मोकळ्या मंगळवारी तो बाजारात भंगारवाल्याच्या गोणपाटासमोर उभा राहिला. कुलपं, बिजागऱ्या, फुटके स्टोव्ह, आणि त्यांत लोखंडी तळव्यांना चार-चार चाकं लावलेली एक जोडी. कुणा साहेबाच्या घरातून आलेली असावी. रामहरीनं सहज एका चाकाला बोट लावलं. वरचा पत्रा गंजला होता, पण चाक लोण्यासारखं फिरलं, आणि बोट काढल्यावरही फिरत राहिलं. सगळा जन्म बेअरिंगांत घालवलेल्या माणसाला दुसरं काय हवं? तो तिथून हलेचना.

"पोरासाठी घेता व्हय?" भंगारवाल्यानं विचारलं.

"व्हय," रामहरी म्हणाला.

खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. घरी येईपर्यंत त्याचे कान गरम होते.

या खेळाला स्केटिंग म्हणतात, हे त्याला ठाऊक होतं. एका शाळेच्या अंगणात बड्या घरची मुलं असली चाकं लावून फिरतात, एवढंही कानावर होतं. पण एखाद्या मोठ्या माणसानं ते शिकायचं ठरवलं, जोरात पळायचं ठरवलं, तर त्याला काय काय लागतं, हे त्या काळी सोलापुरात विचारायचं कुणाला? दुकानात विचारावं तर दुकानदार हसणार. मग रामहरीनं ते पडून पडून शिकून घेतलं. गिरणीची कापसाची वखार दुष्काळात रिकामी पडली होती, खाली गुळगुळीत सिमेंट होतं आणि पहारेकरी ओळखीचा होता. शिफ्ट सुटली की तो तिथं जायचा आणि आपटायचा.

पहिल्याच दिवशी दोन्ही गुडघे सोलून निघाले. सूत कातायच्या यंत्रावर तंतूंचा कचरा टिपायला जाड लोकरी फेल्ट असतं, झिजलं की फेकून देतात. त्याचे तुकडे त्यानं चामड्याच्या वाद्यांनी गुडघ्यांवर आवळले, नंतर कोपरांवरही. तळहातांसाठी कॅनव्हासचे जुने हातमोजे झाले. धोतर चाकांत गुंतून तो एकदा असा उताणा पडला, की डोळ्यांपुढं काजवे चमकले. तेव्हा धोतर गेलं आणि गिरणीतली खाकी अर्धी चड्डी आली. मोठ्या माणसानं उघड्या पोटऱ्यांनी फिरायचं, याची त्याला लाज वाटली, पण डोकं फुटण्याची भीती तिच्याहून मोठी निघाली. डोक्याचं मनकर्णेनं बघितलं. तिनं मागच्या बाजूला आलेलं टेंगूळ चाचपलं आणि दुसऱ्या दिवशी पाण्याच्या घागरीखाली घेतात तशी एक जाड चुंबळ वळून ती कापूस भरलेल्या टोपीत शिवून टाकली.

"घाला ही," ती म्हणाली. "डोकं शाबूत असलं म्हंजे बाकीचं बघता येतंय."

चाकांचं मात्र काही केल्या जमेना. मूळची चाकं लोखंडाची, सिमेंटवर घसरायची आणि रस्त्यावर घेतली की दातांवर दात आपटायचे. गिरणीत लेथवर काम करणारा गुरप्पा त्याचा दोस्त होता. वळसंगचा गडी, रोज सायकलनं यायचा, घरात कानडी आणि बाहेर मराठी. त्यानं मागांना लागणाऱ्या कडक फायबरची आठ चाकं कातून दिली आणि आत पोलादी छऱ्यांना बसायला जागा केली.

"ह्यात धूळ जाऊ देऊ नगंस," गुरप्पानं बजावलं. "एक छर्रा अडला की चाक बसलं, अन् चाक बसलं की तू बी बसलास."

हे रामहरीला सांगायची गरज नव्हती. तो रोज संध्याकाळी ओसरीवर बसून आठही चाकं उघडायचा, छर्रे रॉकेलमध्ये धुवायचा, फडक्यावर वाळवायचा, तेलाचा एकेक थेंब सोडून पुन्हा बसवायचा.

राहता राहिले बूट. कॅनव्हासच्या बुटात पाय डगडगायचा, वळताना घोटा मुरगळायचा. तो कोंडीबाकडं गेला. कोंडीबा चांभार म्हणजे बुधवार पेठेतलं मोठं नाव. त्याची चप्पल दोन पावसाळे हसत काढायची. त्यानं माप घेतलं, घोट्याच्या वर येणारा बूट शिवला, दिसायला देखणा. पण बोटांपुढं त्यानं नेहमीच्या रिवाजाप्रमाणं बोटभर वाव ठेवला होता. सोलापुरात बूट असाच शिवतात. पाय उन्हानं सुजतो, पोराचा पाय वाढतो, शिवाय वाव दिला नाही तर गिऱ्हाईक म्हणतं चांभारानं कातडं खाल्लं. त्या बोटभर वावात रामहरीचा पाय मागं-पुढं सरकायचा आणि ढकललेला जोर तिथंच जिरायचा. तो बूट घेऊन परत गेला.

"कोंडीबा मामा, घट्ट पायजे. पायाला चिकटून."

"चावनारा बूट करू? माझं नाव घालवायचं हाय का तुला?"

"चावू दे. पाय आन् चाक एक झालं पायजे."

कोंडीबा चिडला. चार दिवस त्यानं बूट बाजूला टाकून ठेवला. मग एका दुपारी स्वतःच निरोप पाठवून रामहरीला बोलावलं, नवं कातडं पाण्यात भिजवलं आणि ओला बूट त्याच्या अनवाणी पायावर चढवून दोऱ्या आवळल्या. बूट वाळेस्तोवर रामहरीनं हलायचं नाही. दोघंजण तसेच बसून राहिले. कातडं वाळत गेलं तसं ते पायाच्या हाडाहाडावर बसत गेलं. संध्याकाळी बुटाच्या तळाला चाकांच्या लोखंडी पट्ट्या ठोकताना कोंडीबा म्हणाला, "जल्मात पयल्यांदाच असा बूट केला. कुणाला सांगू नगं मी केला म्हणून." पण आठवडाभरात सगळ्या पेठेला त्यानंच सांगितलं.

आता रामहरी खरा पळू लागला. वखार अपुरी पडली तेव्हा तो सकाळी होटगी रस्त्यावर जाऊ लागला. शहर मागं पडलं की तिथं डांबराचा चांगला पट्टा होता. कमरेत वाकून, एक हात पाठीवर ठेवून तो लांब लांब ढकलत जायचा आणि कानांत वारा शिरायचा. त्या वाऱ्यात त्याला काय मिळत होतं, हे त्याला कुणाला सांगता आलं नसतं. तो सुखी होता, एवढंच.

आणि तिथंच त्याच्या बापानं त्याला बघितलं.

बापाचं नाव धोंडीराम. घरात सगळे आबा म्हणायचे. गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे जिथं कापड विणतात तिथं, ते जॉबर होते. एका ओळीतल्या सगळ्या मागांवर आणि माणसांवर त्यांची हुकमत चालायची. मागांच्या खडखडाटात तीस वर्षं उभं राहून त्यांचे कान गेले होते. कानाशी ओरडलं तरच ऐकू यायचं, आणि स्वतः बोलायचे तेही ओरडूनच, कारण आपला आवाज त्यांना ऐकू येत नसे. असे आबा एका सकाळी कुणाच्या तरी मातीला जाऊन परतत होते. रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावरची बाया-माणसं खडी फोडत होती. त्यांतली निम्मी गिरणीतली, काही तर आबांच्याच हाताखाली वाढलेली. आणि त्यांच्या समोरून आबांचा मुलगा अर्धी चड्डी घालून, डोक्याला चुंबळ बांधून, चाकांवरून निघून गेला. खडी फोडणारी माणसं हसली. एकजण म्हणाला, "जॉबरसाहेबांना नातू न्हाय झाला, तर ल्योकच पोर झाला की." आबांना ऐकू आलं नाही. पण त्यांना ओठ वाचता यायचे. साचेखात्यातल्या प्रत्येकाला येतात.

घरी आल्यावर ते मनकर्णेला म्हणाले, "त्याला सांग. लोकं पोटासाठी दगडं फोडत्यात अन् ह्यो चाकावर मिरवतोय. माझ्याशी बोलू नगं म्हणावं."

रामहरी तिथंच, दोन हातांच्या अंतरावर उभा होता. तेव्हापासून बाप-लेकाचं बोलणं बंद झालं. जे काही असेल ते मनकर्णेमार्फत. "त्याला सांग, पाणी आलंय." "त्याला इचार, पगार झाला का." कान गेलेल्या माणसानं बोलणंही सोडलं की घरात काय उरतं, ते त्या घरात राहिलेल्यालाच कळेल. दुष्काळ सरला, पाऊस झाला, गिरणी पुन्हा पुरी चालू लागली, पण आबांचा राग सरला नाही. रामहरीनं चाकं सोडून दिली असती तर सगळं मिटलं असतं. एकदा त्यानं ती माळ्यावर टाकलीही, आणि महिन्याभरात पुन्हा खाली काढली. त्याला जिंकायचं नव्हतं, नाव काढायचं नव्हतं. आबांनी एकदा रस्त्याच्या कडेला उभं राहून नीट बघावं, आणि मग काय म्हणायचं ते म्हणावं, एवढी एकच गोष्ट त्याला हवी होती. ती त्यानं फक्त मनकर्णेला सांगितली.

चौऱ्याहत्तर साली शहरातल्या एका तालमीनं दसऱ्याला सायकलच्या शर्यती ठेवल्या, आणि त्यांच्या जोडीला यंदा चाकांच्या बुटांचीही शर्यत ठेवली. होटगी रस्त्यावर, मैलाच्या दगडाला वळसा घालून परत, अशा तीन फेऱ्या. पुण्याची काही तरुण मुलं येणार होती, हुबळीचीही. रामहरीनं नाव दिलं. घरी आल्यावर त्यानं ओसरीवर आबांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं सांगितलं, "आबा, दसऱ्याला शर्यत हाय. तुमी या." दोन वर्षांत पहिल्यांदाच तो थेट बोलला. आबांनी मान दुसरीकडं वळवली. ऐकू आलं की नाही, तेही कळलं नाही.

खंडेनवमीला गिरणीत यंत्रांची पूजा असते. झेंडूच्या माळा, कोहळा, नारळ, पेढे. पूजा आटोपून रामहरी दुपारी घरी आला. घरात आबांनी दरवर्षीप्रमाणं पाटावर हत्यारं मांडली होती. त्यांचा स्वतःचा जुना हातोडा, कात्री, फणीतून दोरा ओढायचा आकडा, रामहरीचे पाने. आणि त्या ओळीत, अगदी मधोमध, झेंडूचं फूल वाहिलेली, प्रत्येक चाकावर हळद-कुंकवाचं बोट लावलेली ती जोडी होती. बुटांसकट.

रामहरी उंबऱ्यातच थांबला.

"कुणी ठिवलं?" त्यानं हळू विचारलं.

"मामंजींनी," मनकर्णा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मला इचारलं, त्याची ती हत्यारं कुटं हायती. हत्यारं म्हनले."

आबा देवापाशी बसून होते, त्यांची पाठ इकडं होती. गिरणीत त्यांनी माणसं पारखली ती बोलण्यावरून नव्हे. ज्याची कात्री गंजलेली, त्याला ते दारात उभं करत नसत. दोन वर्षं रोज संध्याकाळी ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसून त्यांनी न बघितल्यासारखं करत बघितलं होतं, की हा मुलगा छर्रे कसे धुतो, वाद्या कशा तेलात भिजवतो, बूट कसा सावलीत टांगतो. शेवटी त्यांच्या मनानं निकाल दिला, आणि तो त्यांनी आपल्या रीतीनं सांगितला. रामहरीनं हत्यारांना नमस्कार केला, मग आबांच्या पायांवर डोकं ठेवलं. आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याच्या दुपारपर्यंत हलवायचं नसतं. रामहरीनं हलवलं नाही. शर्यतीच्या आधी एकदा चाकं उघडून बघावीत असं त्याच्या फार मनात होतं, पण तो पाटाजवळही गेला नाही. दसऱ्याला आबांनी अक्षता टाकून पूजा उतरवली, नवा पांढरा पटका बांधला, ती जोडी उपरण्यात गुंडाळली आणि छातीशी धरून होटगी रस्त्यापर्यंत स्वतः चालत आणली. रामहरीनं मागितली तर दिली नाही. रस्त्यावर दोरी बांधली होती, माणसं जमली होती. पोहोचल्यावर आबांनी उपरणं सोडलं आणि जोडी त्याच्या पुढ्यात ठेवली.

"कुंकू पुसू नगंस," ते ओरडून म्हणाले. "तसंच पळ."

रामहरी बसला. बूट चढवायच्या आधी सवयीनं त्यानं चाकाला बोट लावलं. चाक अर्धं फिरलं आणि थांबलं. दुसरं तर हललंच नाही. त्यानं जोर लावला तेव्हा आतून चिकट असं काहीतरी ओढल्यासारखं झालं. त्यानं चाक नाकाशी नेलं. मध, दही, साखर.

मग त्याला कळलं. त्यांच्या घरची रीत होती, नवं हत्यार पहिल्यांदा पूजेला बसतं तेव्हा त्याला पंचामृताची आंघोळ घालायची. हातोड्याला घालायची, कात्रीला घालायची, पुसून घ्यायची, त्यांना काय होतं? आबांनी ती मायेनं, हात आखडता न घेता घातली होती. जॉबर म्हणून त्यांना समजायला हवं होतं, पण पूजेला बसलेला माणूस जॉबर नसतो. पंचामृत छऱ्यांत उतरलं होतं आणि रातोरात आत वाळलं होतं.

गुरप्पा सायकल टेकवून जवळ आला. त्यानं एक चाक फिरवून बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"उघड की. रॉकेल हाय माझ्याकडं, पाना तुझ्याकडं हाय. निदान फुडची चार तरी हुतील."

रामहरीनं वर बघितलं. आबा दोरीपाशी उभे होते आणि अनोळखी माणसांना मोठ्या आवाजात सांगत होते, "ह्यो माझा ल्योक. ह्यो शर्यतीत हाय." ऐकणारे हसून माना डोलवत होते. आता इथं चाकं उघडायला बसलं की आबा विचारणार, काय झालं? आणि आबांना ओठांवरून चार शब्द कळायचे, पण असं काही समजावून सांगायचं म्हणजे ओरडूनच सांगायचं. साऱ्या माणसांत, दसऱ्याच्या दिवशी, बापाच्या कानाशी ओरडायचं की तुमच्या पूजेनं माझी चाकं बसली.

"न्हाय," तो गुरप्पाला म्हणाला. "ऱ्हाऊ दे."

"दोन वर्स लेका. दोन वर्स पडत हुतास."

"ऱ्हाऊ दे म्हनलं की."

शिट्टी वाजली. पुण्याची मुलं पाखरांसारखी गेली. त्यांच्या पायांत चकचकीत जोड होते, डोक्यांवर खऱ्या टोप्या होत्या. रामहरी वाकला आणि ढकलू लागला. प्रत्येक ढकलणं पावलाच्या आतच अडत होतं. उजव्या पायाची पुढची चाकं फिरतच नव्हती, डांबरावर नुसती घासत होती. पहिली फेरी संपेपर्यंत मांड्या जळायला लागल्या आणि तो सगळ्यांच्या मागं पडला. दोरीपाशी कुणीतरी शीळ घातली. आबा मात्र हात वर करून काहीतरी ओरडत होते, त्यांचा पटका माणसांत उठून दिसत होता. त्याला बरं वाटलं. आबा आले होते, बघत होते, हे तर खरं होतं. पण असं नव्हतं बघायचं त्यांनी. चांगला पळणारा रामहरी त्यांना दिसायला हवा होता, आणि दिसत होता तो एक फरफटत जाणारा माणूस. एवढं वाईट त्याला कुठल्याच पडण्याचं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या फेरीत मैलाच्या दगडाला वळून तो परत येत होता, तेव्हा त्याला दिसलं की आबा आता ओरडत नाहीत. त्याच्या तोंडाकडंही बघत नाहीत. ते त्याच्या पायांकडं बघत होते, डोळे बारीक करून, एखाद्या आजारी मागाकडं बघावं तसे. मग ते दोरीखालून वाकून थेट रस्त्यावर आले आणि मध्ये उभे राहिले.

"थांब."

"आबा, शर्यत चाललीया."

त्यांना ते ऐकू गेलं नाही. त्यांनी त्याला दंडाला धरून रस्त्याच्या कडेला बसवलं, स्वतः त्याच्यासमोर धुळीत मांडी घातली आणि त्याचा उजवा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला.

बापानं मुलाचा पाय मांडीवर घ्यायचा, तोही चार माणसांत? रामहरीनं पाय ओढून घेतला.

"आबा, पाय नगा धरू. लोकं बघत्यात."

हे त्यांना ओठांवरून कळलं असावं.

"बघू देत," ते म्हणाले आणि पाय पुन्हा मांडीवर घेतला. "पाना दे."

त्यांनी चाक उघडलं. छर्रे पिवळ्या-लाल चिकट्यात गच्च बसले होते. आबांनी तो चिकटा बोटावर घेतला, अंगठ्यानं चोळला, जिभेला लावून बघितला.

"मी केलं ह्ये," ते म्हणाले. ओरडून नव्हे. त्यांचा आवाज इतका खाली आलेला रामहरीनं कधी ऐकला नव्हता. "तुला कळलं हुतं?"

रामहरीनं मान हलवली, हो.

"मग बोलला का न्हाईस?"

याचं उत्तर देण्यासाठी ओरडावं लागलं असतं, आणि रामहरीला ओरडता येईना. तो बापाच्या पटक्याकडं बघत राहिला आणि त्याचे डोळे वाहू लागले. आबांनी उत्तराची वाट पाहिली नाही. कदाचित त्यांना मिळालं होतं.

गुरप्पानं रॉकेलची बाटली आणि तेलाची बुधली आणून ठेवली आणि तो दूर सरला. आबांनी नव्या पटक्याचं टोक सोडलं आणि त्यानंच चाकांवरचं कुंकू पुसलं. जे पुसू नको म्हणून त्यांनीच बजावलं होतं, ते. मग एकेक छर्रा धुतला, पुसला, तेल दिलं, जागेवर बसवला. हात कुठं चुकत नव्हते. तोवर तिकडं शर्यत संपली. पुण्याच्या कुणा मुलाला हार पडला, टाळ्या झाल्या, दोरी गुंडाळली गेली. माणसं सोनं लुटायला, आपट्याची पानं घेऊन शहराकडं निघाली. जाता जाता काहीजण थांबून या दोघांकडं बघत आणि पुढं जात. आबांनी मान वर केली नाही. शेवटचं चाक बसवून त्यांनी ते फिरवलं आणि थांबेपर्यंत त्याच्याकडं बघत राहिले.

"किती ऱ्हायलं?" त्यांनी विचारलं.

रामहरीनं बोटानं दाखवलं, एक फेरी.

"पुरी कर."

रामहरी उठला. आबाही गुडघ्यावर हात टेकून उठले. एकदम काहीतरी आठवून त्यांनी त्याचं मनगट धरलं.

"ह्याला ब्रेक कुटं हाय? थांबतोस कसा?"

रामहरीनं एक पाऊल मागं आडवं ओढून दाखवलं. आबांना ते पटलेलं दिसलं नाही, पण त्यांनी मनगट सोडलं.

रस्ता मोकळा होता. ऊन उतरलं होतं, कडेच्या ज्वारीत वारा होता. रामहरी वाकला, एक हात पाठीवर घेतला आणि ढकललं. चाकं निघाली. दुसऱ्या ढकलण्याला ती धावू लागली, आणि मग पायांखाली रस्ता आहे की नाही हेच कळेना. तो पळाला. दोन वर्षांत जे काही पडून, झडून, सोसून शिकला होता, ते सगळं घेऊन पळाला. दगडाला वळसा घातला तेव्हा क्षणभरही पाऊल डगमगलं नाही. परतीच्या वाटेवर त्याला लांबून आबा दिसले.

ते रस्त्याच्या मधोमध उभे होते. म्हातारपणात वाकलेल्या गुडघ्यांवर जोर देऊन, जरा पुढं झुकून, दोन्ही हात पसरून. मूल पहिल्यांदा चालायला लागतं, तेव्हा पुढं बसून माणूस हात पसरतो, तसे. चौतिशी ओलांडलेल्या, भरधाव येणाऱ्या मुलाला झेलायचं, म्हणून उभे होते.

रामहरीला थांबता येत होतं. चांगलं येत होतं. तरी तो थांबला नाही. पाऊल आडवं न घालता तो सरळ आबांच्या हातांत गेला.